जुनी पिकअप लेव्हल केल्यावर व्हील अलाइनमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढून उचललेली पिकअप उभी छान दिसते. प्रश्न सुरू होतात ते गाडी रस्त्यावर आली की. इथे घेतलेले प्रश्न तेच, जे पुन्हा पुन्हा विचारले जातात. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लेव्हल करणं म्हणजे नक्की काय? आणि त्यानंतर अलाइनमेंट करावीच लागते का?

पिकअप कारखान्यातूनच मागून थोडी उंच येते. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते, असा त्यामागचा हिशोब. रिकामी असताना मात्र ती नाक खाली घालून उभी दिसते. पुढचा भाग साधारण दीड ते अडीच इंच उचलून हा फरक काढला की गाडी लेव्हल झाली. त्यासाठी कोणी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी लांब पोलादी दांडी) पिळतं, कोणी कॉइल स्प्रिंगवर स्पेसर (उंची वाढवणारा जाड ठोकळा) बसवतं, कोणी नवीन स्प्रिंग टाकतं.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवणं, करावीच लागते. पुढची चाकं ज्या आर्मांवर असतात ते आर्म बिजागरीसारखे फिरतात. त्यामुळे गाडी वर गेली की चाक आर्मासोबत आत-बाहेर सरकतं, कलतं आणि वळतंही. "बघितलं की, सरळच आहे" याला काही अर्थ नाही. अर्धा अंश वाकडं चाक डोळ्याला कळत नाही, पण ते दर किलोमीटरला जवळजवळ ९ मीटर आडवं घासलं जातं. हे घासणं टायरच्या रबरातूनच वसूल होतं.

२. कॅम्बर, कॅस्टर, टो हे सोप्या भाषेत सांगाल का?

टो: वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे वळलेली असली की टो-इन, बाहेर फाकलेली असली की टो-आउट. टायर सगळ्यात जलद खातो तो टो.

कॅम्बर: समोरून पाहिलं तर चाकाचं डोकं आत कललेलं असेल तर कॅम्बर निगेटिव्ह, बाहेर कललेलं असेल तर पॉझिटिव्ह. आत जास्त कललं की टायरची आतली कड झिजते, बाहेर कललं की बाहेरची.

कॅस्टर: सायकलचा पुढचा चिमटा बाजूने पाहा. तो मागे झुकलेला असतो. मोटारीचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्षही तसाच मागे झुकलेला असतो, आणि त्यामुळेच वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. कॅस्टर सहसा टायर खात नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. पण कॅस्टर कमी पडला तर लांबच्या प्रवासात ड्रायव्हरचे हात भरून येतात.

३. आधी अलाइनमेंट करू की आधी झिजलेले पार्ट बदलू?

आधी पार्ट. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट मशीनवरून गाडी खाली उतरेपर्यंतच टिकते.

माझ्या जुन्या टॉर्शन बारवाल्या पिकअपचा अलाइनमेंट रिपोर्ट लागोपाठ तीन वेळा हिरवा (सगळे आकडे मर्यादेत) आला होता, तरी डावा टायर आतून खातच राहिला. शेवटी एकाला इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायला सांगितलं आणि मी स्वतः खाली आडवा झालो. टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) बाजूला सरकण्याआधी आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या टोकाला आधार देणारा हात) डोळ्याला दिसेल इतका वर-खाली होत होता. मशीनवर गाडी स्थिर उभी असते, तिथे तो सापडणारच नव्हता.

तुम्हीही असंच तपासा. गाडी जमिनीवर असताना, स्टिअरिंग हलवत, टाय रॉड एंड, आयडलर आर्म, पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा हात) आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट पाहा. मग चाक उचला. टॉर्शन बार किंवा स्प्रिंग खालच्या आर्मावर असेल तर जॅक त्या आर्मखालीच लावा. चासीखाली लावला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) ताणलेला राहतो आणि ढिलाई दिसत नाही. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉड. आर्मांच्या बुशांचं (सांध्यातल्या रबरी नळ्यांचं) रबर फाटून धातूला धातू लागतोय का तेही पाहून घ्या.

४. टॉर्शन बार किती पिळावा? पिळल्यापासून गाडी दगडासारखी कडक झाली आहे.

बार पिळला म्हणून बार कडक होत नाही, त्याचा ताठपणा जवळपास तोच राहतो. कमी होते ती चाकाची खाली जायची जागा. वरचा आर्म खाली येऊन चासीवरच्या रबरी स्टॉपला जवळजवळ टेकतो, आणि खड्डा आला की चाक खाली जाण्याऐवजी आर्म स्टॉपवर आपटतो. तुम्हाला "कडक" वाटतं ते हे आपटणं.

म्हणून बोल्टचे फेरे मोजू नका, वरचा आर्म आणि स्टॉप यांच्यातली फट मोजा. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना तिथे बोटही शिरत नसेल तर गाडी फार उंच झाली आहे. दीड इंचावर थांबलेली गाडी अडीच इंचावरच्या गाडीपेक्षा चांगली चालते आणि अलाइनमेंटलाही सहज येते, असा माझा अनुभव आहे. फोर बाय फोर असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधेही जास्त कोनात फिरतात. रबरी बूट चिमटून फाटतोय का ते पाहा.

पिळण्याआधी त्या बाजूचं चाक उचलून बारवरचा ताण कमी करा. आणि डावी-उजवी उंची चाकाच्या मडगार्डवरून मोजू नका, कारण जुन्या गाडीचं मडगार्ड पूर्वी कधी ठोकून बसवलेलं असू शकतं. चासी आणि खालच्या आर्मावरच्या एकसारख्या ठिकाणांहून मोजा.

५. लेव्हल केल्या केल्या अलाइनमेंट करू की गाडी बसू देऊ?

दोन्ही. टो त्याच दिवशी, घरच्या घरी का होईना, जवळपास आणून ठेवा (प्रश्न १३). मग शंभरेक किलोमीटर चालवून पूर्ण अलाइनमेंट करा. स्पेसर खाली बसत नाही, पण नवीन स्प्रिंग थोडी बसते आणि टॉर्शन बारची उंचीही किंचित उतरते. त्यानंतर ५०० ते १,००० किलोमीटरवर पुन्हा एकदा मोजून घ्या.

यात एक गोष्ट राहून जाते. आर्मांच्या रबरी बुशांचे बोल्ट जुन्या उंचीवर आवळलेले असतात. गाडी उचलल्यावर ते रबर पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडीला खाली ओढतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर, अशा स्थितीत ते बोल्ट सैल करून पुन्हा आवळा. अलाइनमेंट त्यानंतर.

६. अलाइनमेंटवाला म्हणतो, "कॅम्बर येत नाही, जुनी गाडी आहे." खरंच येत नाही का?

तीनपैकी एक कारण असतं.

पहिलं, कॅम बोल्ट (फिरवला की आर्म आत-बाहेर सरकवणारा बोल्ट) गंजून बुशच्या आतल्या नळीला चिकटला आहे. याचं प्रमाण सर्वांत जास्त. आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारत राहा. गॅसने तापवलं तर बोल्ट सुटेलही, पण बुशचं रबर जळतं, म्हणून बुश बदलायचाच असेल तेव्हाच तापवा. नाही सुटला तर बोल्ट कापून नवीन कॅम आणि बुश बसवणं हा सरळ मार्ग आहे. कापण्याआधी कॅमची जागा खडूने खुणावून ठेवा.

दुसरं, समायोजनाची जागा कारखान्यातूनच बंद आहे. शेव्हरोलेच्या नव्वदच्या दशकातल्या पिकअपमध्ये वरच्या आर्मच्या ब्रॅकेटमधली खाच एका चकतीने बंद असते. ती काढून कॅमचा संच बसवावा लागतो. ज्याने हे कधी पाहिलं नाही तो "यात ॲडजस्टमेंटच नाही" म्हणून गाडी परत पाठवतो. आणखी जुन्या गाड्यांत कॅमऐवजी पातळ शिम (पत्र्याचे तुकडे) असतात. शिम वाढवल्यावर कॅम्बर कोणत्या बाजूला जाईल हे आर्मचा शाफ्ट चासीच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, यावर ठरतं.

तिसरं, गाडी खरोखरच फार उंच झाली आहे आणि कॅम शेवटपर्यंत फिरवूनही पुरत नाही. मग उंची कमी करा किंवा बदललेल्या कोनाचे वरचे आर्म बसवा. उंची कमी करणं मला जास्त पटतं.

७. मशीनवर बसलेल्या माणसाला नेमके कोणते आकडे सांगू?

कंपनीचे आकडे कंपनीने ठरवलेल्या उंचीसाठी असतात, म्हणून त्या मर्यादेतही कुठे थांबायचं ते सांगा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या (प्रत्येक चाक आपापल्या आर्मांवर) रिकाम्या चालणाऱ्या जुन्या पिकअपला मी हे मागतो: कॅम्बर शून्याच्या आसपास, दोन्ही बाजूंचा फरक अर्ध्या अंशाच्या आत. कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत जितका वरच्या टोकाला नेता येईल तितका, फरक पुन्हा अर्ध्या अंशाच्या आत. टो दोन्ही मिळून ०.१ ते ०.२ अंश आत.

क्रमही महत्त्वाचा आहे. कॅस्टर आणि कॅम्बर आधी, टो शेवटी, कारण पहिले दोन हलवले की टो हलतोच. "फक्त टो करून देतो" असं कोणी म्हटलं तर लेव्हल केलेल्या गाडीसाठी ते काम अर्धवट आहे. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रिपोर्ट छापून मागा.

८. गाडी रस्त्यावर भरकटते, सतत स्टिअरिंग दुरुस्त करावं लागतं. कॅस्टर कमी झाला का?

बहुधा. पण यात दोन उलट गोष्टी एकत्र घडतात, म्हणून अंदाज चुकतो. पुढून उचलल्यावर अख्खी चासी मागे कलते आणि त्यामुळे कॅस्टर वाढतो. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल आणि पुढून ५ सेंटीमीटर उचललं तर जवळजवळ १ अंश. त्याच वेळी आर्म खाली झुकतात आणि बऱ्याच गाड्यांत तितकाच किंवा त्याहून जास्त कॅस्टर काढून घेतात. शिल्लक काय उरली ते मोजल्याशिवाय कळत नाही.

कॅस्टर बरोबर असूनही भरकटत असेल तर टो-आउट, सैल सांधे (प्रश्न ३) आणि टायरमधली हवा, या क्रमाने पाहा. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून भरकटणं घालवायचा मोह टाळा. जास्त आवळला तर स्टिअरिंग मधोमध अडकायला लागतं, आणि ते जास्त धोक्याचं.

९. रिपोर्ट सगळा हिरवा, तरी गाडी एका बाजूला ओढते. असं का?

हिरवा म्हणजे मर्यादेच्या आत, एवढंच. डावा कॅम्बर एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला असला तरी दोन्ही हिरवेच दिसतात. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या बाजूला ओढते आणि कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. रिपोर्टवरचा डाव्या-उजव्यातला फरक स्वतः वाचा.

फरक नसेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे. गेली नाही तर चाक उचलून हाताने फिरवा, ब्रेक धरून राहिलाय का पाहा. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी हलकीशी कडेकडे जाणं चालतं.

१०. माझ्या गाडीला पुढे अखंड ॲक्सल आहे. मला फक्त टो बघायचा ना?

अखंड ॲक्सलला (दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर) गाडी उचलल्याने कॅम्बर बदलत नाही आणि टो जवळजवळ तोच राहतो. पण बाकी तीन गोष्टी बदलतात.

एक, कॅस्टर. कॉइल स्प्रिंग आणि रेडियस आर्म (ॲक्सलपासून मागे चासीला जाणारे लांब आर्म) असतील तर आर्म खाली झुकताना ॲक्सललाही फिरवतात. आर्म १ मीटरचा आणि गाडी ५ सेंटीमीटर वर, तर ॲक्सल जवळजवळ ३ अंश पुढे फिरतो. चासी मागे कलल्याने त्यातला सुमारे १ अंश परत मिळतो, बाकीचा ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेला बुश) घालून आणावा लागतो. पाटे असतील तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये कोन दिलेली पाचर बसवतात.

दोन, ट्रॅक बार. तो एका बाजूला चासीला आणि दुसऱ्या बाजूला ॲक्सलला असतो. गाडी उचलली की बार तिरपा होतो आणि ॲक्सल चासीकडच्या टोकाच्या दिशेने सरकतो. एका बाजूचं चाक जास्त बाहेर आलेलं दिसतं ते यामुळे. लांबी बदलता येणारा बार लावा.

तीन, ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडे जाणारी दांडी. तिचा कोन बदलला की स्टिअरिंग तिरकं होतं. ते ड्रॅग लिंकची लांबी बदलून सरळ करायचं असतं, टाय रॉडला हात लावायची गरज नाही.

खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं जोरात थरथरून स्टिअरिंग हातात मावेनासं झालं तर वेग हळूहळू कमी करत थांबा. मग ट्रॅक बारचे बोल्ट आणि बुश सर्वांत आधी पाहा. स्टिअरिंग डॅम्पर बदलून थरथर लपते, कारण तसंच राहतं.

११. फोर्डच्या जुन्या ट्विन आय-बीमचं वेगळं काय?

फोर्डने १९६५ पासून वापरलेल्या या रचनेत प्रत्येक चाक एका लांब बीमवर असतं आणि तो बीम विरुद्ध बाजूला चासीला जोडलेला असतो. गाडी उचलली की दोन्ही चाकांची डोकी ठळकपणे बाहेर कलतात. बॉल जॉइंट असलेल्या गाड्यांत वरच्या बॉल जॉइंटभोवतीचा ऑफसेट बुश बदलून कॅम्बर आणतात. किंगपिनवाल्या (बॉल जॉइंटऐवजी जाड पिनेवर चाक वळणाऱ्या) जुन्या बीमना तशी सोय नव्हती, तिथे बीमच वाकवत असत. या गाड्यांना मी दीड इंचापलीकडे नेत नाही. जॅकवरून उतरवल्यावर चाकांची डोकी बाहेर कललेलीच राहतात. गाडी थोडी पुढे चालवून आणल्याशिवाय मोजू नका, नाहीतर आकडा खोटा येईल.

१२. स्टिअरिंग तिरकं आहे पण गाडी सरळ जाते. चालेल का?

गाडी चालेल, पण सरळ करून घ्या. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग मध्यावर लॉक करायचं आणि मग दोन्ही टाय रॉड सारखे जुळवायचे. स्टिअरिंग व्हील काढून दात बदलून बसवू नका. त्याने बॉक्सचा मधला, सर्वांत घट्ट भाग एका बाजूला जातो. टो दोन्हीकडे सारखा असूनही तिरकं राहत असेल तर प्रश्न १५ वाचा.

१३. घरी काय मोजता येतं?

टो उत्तम मोजता येतो. सपाट जागा हवी. टायरच्या मधोमध खडू फासा, चाक उचलून फिरवा आणि एका जागी स्थिर धरलेल्या खिळ्याने बारीक रेघ ओढून घ्या. गाडी खाली उतरवून काही फूट पुढे चालवा. दोन्ही रेघांमधलं अंतर ॲक्सलच्या उंचीवर मागे मोजा, तिथेच खूण करा, खूण पुढे येईपर्यंत गाडी हाताने ढकला आणि पुन्हा मोजा. ७६० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर १ अंश म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर, म्हणजे ०.२ अंशाला अडीच मिलिमीटर पुरतात. सुतळीऐवजी न ताणणारी पोलादी टेप वापरा.

कॅम्बरला ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा. ४०० मिलिमीटर अंतरावर ७ मिलिमीटर फरक म्हणजे १ अंश. कॅस्टरसाठी चाक २० अंश आत आणि २० अंश बाहेर वळवून दोन्ही वेळचा कॅम्बर घ्या, फरकाला १.४६ ने गुणा. वळवताना चाकाखाली ग्रीस लावलेल्या दोन पत्र्यांची जोडी ठेवा, नाहीतर टायर जमिनीला धरून राहतो.

१४. टायर हाताला करवतीसारखा लागतो. कशाने?

टोने. तळहात टायरवरून आडवा फिरवा. बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना दात लागत असतील तर टो-इन जास्त, उलट असेल तर टो-आउट. एकाच कडेला सलग झीज, पण दात नाहीत, तर कॅम्बर. मध्ये मध्ये वाट्यांसारखे खड्डे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग पाहा. एकदा दातेरी झालेला टायर अलाइनमेंट बरोबर झाल्यावरही आवाज करत राहतो, त्यावरून काम बिघडलं असं समजू नका.

१५. मागे अखंड ॲक्सल आहे, मग चारही चाकांची अलाइनमेंट कशाला?

मागचा ॲक्सल चासीला काटकोनात आहे की नाही हे कळायला. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला किंवा शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश गेले की ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी मागून ढकलली जाते. मग सरळ चालताना स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं, पुढे कितीही जुळवा. मागे काहीही समायोजन नसलं तरी हा कोन मोजून घ्या.

१६. मी कधी रिकामी, कधी भरलेली चालवतो. अलाइनमेंट कशावर करू?

जास्त किलोमीटर ज्या अवस्थेत होतात तिच्यावर. कायमची पेटी, हत्यारं, मागची टाकी असेल तर ती काढून मोजू नका. लेव्हल केलेल्या गाडीत माल भरला की नाक वर जातं, पुढच्या चाकांवरचं वजन घटतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. हेडलाइटही समोरच्याच्या डोळ्यांत जातात. लेव्हल केल्याच्याच दिवशी हेडलाइट खाली घ्या, हे बहुतेक जण विसरतात.

१७. पुढून उचलण्याऐवजी मागून खाली केली तर अलाइनमेंट वाचेल का?

आर्म हलत नाहीत म्हणून टो आणि कॅम्बर जवळजवळ जागेवर राहतात, कॅस्टर थोडा वाढतो. पण अनेक जुन्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून खाली आली की त्याला ती भरलेली वाटते आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर लॉक होऊ शकतात. त्या व्हॉल्व्हचा दांडा नव्या उंचीला जुळवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

१८. मोठे टायर किंवा व्हील स्पेसर नंतर लावले तर पुन्हा अलाइनमेंट लागेल?

नुसत्या व्हील स्पेसरने (चाक बाहेर सरकवणारी जाड चकती) कोन बदलत नाहीत, पण चाक बाहेर गेल्याने खड्ड्यांचा धक्का स्टिअरिंगपर्यंत जास्त येतो आणि बेअरिंगवर भार वाढतो. टायर मोठे असतील तर ते आधी लावा, पूर्ण वळवून कुठे घासतात का पाहा, मगच अलाइनमेंट करा. घासणं टाळायला कॅस्टर कमी करायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. लहान टायर लावा.